टॉमस ह्यूज

इंग्लंडांतील वॉरिकशायर परगण्यांत रग्बी नांवाचें एक शहर आहे. तेथील जुन्या शाळेच्या मैदानावर चेंडूच्या एका दांडग्या खेळाची वाढ झाली आणि पुढें जगभर तो खेळ त्या शाळेच्याच नांवानें ओळखला जाऊं लागला. त्या मैदानावरील चिखलांत वाढलेल्या व त्याची कीर्ति दूरदेशीं पोंचविणाऱ्या एका विद्यार्थ्याचें हें अल्प चरित्र आहे.

टॉमस ह्यूज याचा जन्म 20 ऑक्टोबर 1822 रोजीं बर्कशायरमधील अफिंग्टन या खेड्यांत झाला. 1834 सालीं, वयाच्या बाराव्या वर्षीं, तो रग्बीच्या शाळेंत दाखल झाला. थोर शिक्षणवेत्ते डॉक्टर टॉमस आर्नल्ड हे त्या वेळीं तेथें मुख्याध्यापक होते. टॉमसची बुद्धि पुस्तकांपेक्षां मैदानावर अधिक रमे.

त्या काळचा खेळ आजच्यापेक्षां पुष्कळच निराळा होता. शरदऋतूंत पावसानें भिजलेल्या मैदानावर तो चाले, आणि शेंकडों पायांखालीं गवताचा चिखल होऊन जाई. खेळाडूंची संख्या ठरलेली नसे. डुकराच्या फुग्यावर कातडें चढवून चेंडू करीत. प्रतिपक्ष्याच्या नडगीवर लाथ मारणें हेंही नियमाबाहेर नव्हतें. शत्रूच्या हद्दींत चेंडू टेंकविल्यानें गुण मिळत नसत. दोन खांबांमधील आडव्या दांडीवरून चेंडू लाथेनें उडविण्याचा प्रयत्न करण्याची संधि मात्र मिळे. या खेळांत आजही रूढ असलेला 'ट्राय' हा शब्द त्यावरूनच आला.

1857 सालीं ह्यूज यांनीं 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' ही कादंबरी आपलें नांव न घालतां प्रसिद्ध केली. आपला लहान मुलगा लवकरच शाळेंत जाणार, त्यास चार गोष्टी सांगाव्या, हा मूळ हेतु होता. तींतील सामन्यांत एका वसतिगृहाचीं पन्नास-साठ मुलें उरलेल्या साऱ्या शाळेशीं झुंजतात. लाथांची पर्वा नाहीं हें दाखविण्याकरितां तीं मुद्दाम पांढऱ्या विजारी घालून उतरतात! शाळेंतला पहिलाच दिवस असलेला टॉम अखेरच्या क्षणीं आपल्या हद्दींत आलेल्या चेंडूवर अंग टाकतो आणि त्याच्यावर मुलांचा ढीग कोसळतो. तो कांहीं पराक्रमी खेळाडू नव्हे. परंतु प्रसंग आला तेव्हां तो बाजूला उभा राहिला नाहीं. ह्यूज यांच्या पुढील आयुष्याचें सारही हेंच होय.

ऑक्सफर्डचें शिक्षण संपवून 1848 सालीं ते बॅरिस्टर झाले. वकिलींत धन मिळवून स्वस्थ बसणें त्यांस रुचलें नाहीं. दिवसभर कष्ट करणाऱ्या लंडनच्या कामगारांसाठीं 1854 सालीं जें विद्यालय निघालें, त्याच्या संस्थापकांपैकीं ते एक होते. त्यांनीं तेथें मुष्टियुद्धाचा वर्ग चालविला, आणि पुढें 1872 पासून 1883 पर्यंत ते त्याचे प्रमुख होते. 1865 ते 1874 पर्यंत पार्लमेंटचे सभासद असतांना त्यांनीं सहकारी चळवळीचा व कामगारांच्या हक्कांचा पुरस्कार केला.

त्यांस अपयशही आलें. 1880 सालीं अमेरिकेंतील टेनेसी संस्थानांत त्यांनीं रग्बी याच नांवाची एक वसाहत स्थापिली. इंग्लंडांतील सुखवस्तु घराण्यांतल्या धाकट्या मुलांनीं हातांनीं काम करण्याची लाज सोडावी, हा तिचा उद्देश होता. परंतु दुसऱ्याच वर्षीं तेथें विषमज्वराची साथ आली, शेतीचा हिशेब चुकला, आणि ह्यूज यांचा बराच पैसा बुडाला. तरीही खेद करीत न बसतां ते 1882 पासून चेस्टर येथें न्यायाधीशाचें काम करूं लागले.

अखेरची कसोटी त्यांच्या प्रिय शाळेसंबंधींच होती. 1823 सालीं विल्यम वेब एलिस नांवाच्या विद्यार्थ्यानें नियम मोडून चेंडू हातांत घेऊन धांव घेतली व त्यांतून हा खेळ जन्मला, अशी एक कथा होती. 1895 सालीं माजी विद्यार्थ्यांच्या मंडळानें तिची चौकशी आरंभिली. शाळेचा गौरव वाढविणारी अशी ही कथा. तिला होकार देणें किती सोपें होतें! परंतु वृद्ध ह्यूज यांनीं आठवत होतें तेवढेंच लिहिलें. आपल्या विद्यार्थिदशेंत एलिसची कथा प्रचारांत नव्हती. चेंडू घेऊन धांवणें तेव्हां धोक्याचें समजत, तें हळूहळू रूढ झालें आणि आपण कर्णधार असतां 1841-42 मध्यें त्यास नियमाची मान्यता मिळाली, असें त्यांनीं कळविलें. पुढें 1900 सालीं शाळेंत एलिसच्या नांवाची शिला बसली, आणि जागतिक सामन्यांच्या चषकासही त्याचेंच नांव मिळालें. लोकांस कथा आवडली. ह्यूज यांनीं मात्र आपली साक्ष तिच्यासाठीं वांकविली नाहीं.

22 मार्च 1896 रोजीं ब्रायटन येथें त्यांचें देहावसान झालें. रग्बीच्या शाळेंत त्यांचा पुतळा आहे.

विद्यार्थिमित्रहो, सामन्यांत मळलेले कपडे घरीं गेल्यावर धुतां येतात. परंतु आपला गडी संकटांत असतां जो काठावर कोरडा उभा राहिला, त्याच्या मनास लागलेला डाग कोणत्या पाण्यानें धुवावा? ह्यूज यांनीं तो डाग स्वतःस कधीं लागूं दिला नाहीं; मैदानावर नाहीं, संसारांत नाहीं, आणि साक्ष देतांनाही नाहीं.