चित्रपटांचे राखणदार : आन्री लांग्लवा

मुलांनो, आज एक खेळ खेळून पाहा. वहीचे एक कोरे पान घ्या. डाव्या बाजूला एकाखाली एक सन लिहा : १९१३, १९१४, १९१५ असे थेट चालू वर्षापर्यंत. आता प्रत्येक सनापुढे त्या वर्षी निघालेल्या सर्वांत चांगल्या चित्रपटाचे नाव लिहा. अट एवढीच, की एका वर्षाला एकच नाव.

पहिली ओळ सोपी आहे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट मुंबईत दाखवला. पण १९५७ च्या ओळीशी आलात, की तुमची लेखणी थांबेल. त्या एकाच वर्षी 'मदर इंडिया', 'प्यासा', 'नया दौर' आणि 'दो आँखें बारह हाथ' असे चार गाजलेले चित्रपट आले. कोणते नाव लिहाल? अब्बांना विचारा, नानीला विचारा, मामूंना विचारा. प्रत्येकाचे उत्तर निराळे येईल आणि घरात छोटेसे भांडणही होईल.

१९३१ ची अडचण याहून वेगळी आहे. त्या वर्षी १४ मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात आपल्या देशाचा पहिला बोलपट लागला. अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा'. त्यातील पात्रे हिंदुस्थानी भाषेत बोलत होती, गात होती. लोकांची एवढी झुंबड उडाली, की बंदोबस्ताला पोलीस बोलवावे लागले. पण हा चित्रपट चांगला होता की साधारण, हे तुम्ही कसे ठरवणार? त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. कोणी ती जपूनच ठेवली नाही.

कोणता चित्रपट निवडावा आणि कोणता जपावा? या एका प्रश्नापायी फ्रान्समधील एका माणसाने आपले सारे आयुष्य घालवले. त्यांचे नाव आन्री लांग्लवा.

आन्रीचा जन्म १३ नोव्हेंबर १९१४ रोजी स्मर्ना या शहरात झाला. हे शहर तेव्हा उस्मानी सल्तनतीत होते. आज तुर्कस्तानच्या नकाशात ते इझमीर या नावाने सापडेल. वडील फ्रेंच होते. १९२२ साली युद्धाच्या धामधुमीत स्मर्ना शहराला भयंकर आग लागली. लांग्लवा कुटुंबाला घरदार मागे टाकून निघावे लागले आणि ते पॅरिसला येऊन राहिले. आन्री तेव्हा आठ वर्षांचाही झाला नव्हता. ज्या शहरात तो खेळला, ते शहरच राहिले नाही. वस्तू जपण्याचे त्याचे वेड तेथूनच सुरू झाले असावे, असे मला वाटते.

पॅरिसमध्ये त्याला चित्रपटांचा नाद लागला. तो काळ मूकपटांचा होता. पडद्यावरची माणसे बोलत नसत. चेहऱ्याने आणि हातवाऱ्यांनी सगळे सांगत. आन्रीचे अभ्यासात लक्ष नव्हते. शालान्त परीक्षेत तो नापास झाला. वडील चिडले आणि त्यांनी त्याला एका छापखान्यात नोकरीला लावले. झाले भलतेच. त्याच छापखान्यात जॉर्ज फ्रांजू नावाचा दुसरा तरुण कामाला होता आणि त्यालाही चित्रपटांचे तेवढेच वेड होते!

तोवर बोलपट आले होते. बोलपट आले, तसे मूकपट कोणाला नकोसे झाले. चित्रपटगृहांनी ते काढून टाकले. कंपन्यांच्या गोदामांत रिळांचे ढीग पडून राहिले. या रिळांचे करायचे काय? चित्रफितीवरच्या थरात थोडी चांदी असते. ती काढून विकता येई. राहिलेले सेल्युलॉइड वितळवून त्याच्या दुसऱ्या वस्तू करता येत. म्हणून व्यापारी ही रिळे भंगाराच्या भावाने घेत. एक एक चित्रपट बनवायला महिनोन्महिने लागले होते. तो संपायला एक दिवस पुरत असे.

आन्री आणि जॉर्ज यांनी ही रिळे मिळवायला सुरुवात केली. जुन्या बाजारात ती विकत घ्यायची, मालकांकडे मागायची, मिळेल ते घरी आणायचे. घरात जागा उरली नाही, तेव्हा आन्रीने डबे न्हाणीघरातल्या टबात रचले, अशी गोष्ट सांगतात. घरच्यांनी अंघोळ कुठे केली, ते मात्र कोणी सांगत नाही!

१९३५ साली दोघांनी जुने चित्रपट दाखवणारे एक मंडळ काढले. दुसऱ्या वर्षी, १९३६ मध्ये, त्यांनी चित्रपटांचे संग्रहालय स्थापन केले. त्याचे नाव सिनेमातेक फ्रान्सेज. चित्रपटांविषयीच्या एका साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यासाठी १०,००० फ्रँक दिले. लांग्लवा तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते.

त्याच सुमारास त्यांची जॉर्ज मेलिएस यांच्याशी ओळख झाली. मेलिएस हे जादूगार होते आणि चित्रपटात जादू आणणारे पहिले कलावंतही. १९०२ सालचा त्यांचा चंद्रावरच्या प्रवासाचा चित्रपट जगभर गाजला होता. त्यांनी पाचशेहून अधिक छोटे चित्रपट बनवले. पुढे त्यांचा धंदा बुडाला. १९२३ साली निराशेच्या भरात त्यांनी आपल्या चित्रपटांच्या मूळ फिती स्वतःच जाळून टाकल्या. नंतर कित्येक वर्षे पॅरिसच्या मोंपार्नास रेल्वे स्थानकातील एका छोट्या दुकानात ते खेळणी विकत बसत. म्हातारपणी पॅरिसजवळच्या ओर्ली येथील कलावंतांच्या वृद्धाश्रमात त्यांना आसरा मिळाला. लांग्लवा आणि फ्रांजू त्यांना तेथे भेटायला जात. मेलिएस १९३८ साली वारले. त्यांचे जे चित्रपट आज पाहायला मिळतात, ते दुसऱ्या कोणाकडे तरी शिल्लक राहिलेल्या प्रतींवरून मिळालेले आहेत.

१९४० साली जर्मन सैन्याने पॅरिस घेतले. इंग्लंड-अमेरिकेच्या चित्रपटांवर बंदी आली. रिळे जप्त होण्याची भीती होती. लांग्लवांनी डबे ठिकठिकाणी लपवले. दक्षिण फ्रान्समधल्या एका जुन्या गढीतही काही डबे ठेवले होते. लोटे आइस्नर नावाच्या विदुषी जर्मनीतून पळून आलेल्या होत्या. त्या यहुदी असल्यामुळे त्यांच्या जिवाला धोका होता. खोटे नाव घेऊन त्या त्या भागात राहिल्या आणि गढीतल्या थंडीत एकेक डबा उघडून आतली रिळे तपासत बसल्या. आश्चर्य म्हणजे लांग्लवांना एका जर्मन अधिकाऱ्याचीही मदत झाली. तो बर्लिनच्या चित्रपट संग्रहालयाशी संबंधित होता.

युद्ध संपले आणि वेगळाच वाद उभा राहिला. तो आपल्या वहीतल्या खेळासारखाच आहे, म्हणून नीट समजून घ्या.

लंडनमध्येही १९३५ पासून असेच एक संग्रहालय होते. त्याचे प्रमुख अर्नेस्ट लिंडग्रेन हे शिस्तीचे गृहस्थ होते. निघणारा प्रत्येक चित्रपट ठेवायला ना जागा होती, ना पैसा. म्हणून त्यांनी जाणकारांची समिती नेमली. नव्या चित्रपटांतून जपण्याजोगे कोणते, ते ही समिती निवडत असे. निवडलेल्या चित्रपटाची प्रत थंड कोठारात ठेवायची, तिची नोंद करायची आणि ती सहसा बाहेर काढायची नाही. कारण यंत्रातून प्रत्येक वेळी फिरताना फीत थोडी थोडी झिजते.

लांग्लवांना ही निवड मुळीच मान्य नव्हती. त्यांचे म्हणणे असे, की आजचा जाणकार उद्याच्या माणसासाठी निवड करू शकत नाही. आज जे फालतू वाटते, ते तीस वर्षांनी अनमोल वाटेल. म्हणून मिळेल ते ठेवावे. उत्तम, मध्यम, टाकाऊ असा भेद करू नये.

त्यांचे म्हणणे पटवणारे एक उदाहरण आहे. लुई फयाद नावाच्या दिग्दर्शकाने १९१३ पासून 'फांतोमास' या चोराच्या कथांचे चित्रपट काढले. सामान्य लोकांनी ते आवडीने पाहिले, पण विद्वानांनी नाके मुरडली. १९१३ सालचा सर्वोत्तम चित्रपट निवडायला विद्वानांची समिती बसली असती, तर 'फांतोमास'चे नाव तिने नक्कीच घेतले नसते. पुढे हेच चित्रपट लांग्लवांच्या पडद्यावर आले आणि नवी पिढी थक्क झाली. ते छापखान्यातले मित्र फ्रांजू आठवतात ना? ते पुढे स्वतः दिग्दर्शक झाले आणि फयाद यांच्याच एका जुन्या कथेवर त्यांनी १९६३ साली नवा चित्रपट काढला.

पण लिंडग्रेन चुकीचे होते असे समजू नका. जुनी नायट्रेटची चित्रफीत हा फार धोक्याचा माल असतो. ती पेटली तर पाण्यातही विझत नाही, कारण जळताना लागणारा प्राणवायू ती स्वतःच तयार करते. न पेटली तरी काही वर्षांनी चिकट होते, तिला घाण वास येतो आणि शेवटी तिची पूड होते. थंड कोठार नसेल आणि वेळेवर नवी प्रत काढली नाही, तर जमवलेले सारे फुकट जाते. लांग्लवांकडे जमा फार होत असे, पण नीट यादी नव्हती. कोणता डबा कोठे आहे, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असायचे. १० जुलै १९५९ रोजी संग्रहालयाच्या अंगणात ठेवलेल्या रिळांना आग लागली आणि कित्येक चित्रपट जळून गेले. सगळे जपणाऱ्या माणसाच्या दारातच हे घडले. त्याचा दोष त्यांच्याकडेही जातो.

मग लांग्लवा निवड करतच नव्हते का? करत होते, पण दाखवताना. १९४८ साली त्यांनी पॅरिसच्या मेसिन रस्त्यावर लहानसे चित्रपटगृह उघडले. त्यात जेमतेम साठ माणसे बसत. पुढे मोठी जागा मिळाली. एकाच संध्याकाळी तेथे तीन तीन चित्रपट दाखवले जात. एक रशियाचा, एक जपानचा, एक अमेरिकेचा. एक १९२० चा, तर दुसरा परवाचा. मूकपटांना संगीताची साथ नसे. परक्या भाषेतल्या चित्रपटांखाली पुष्कळदा भाषांतराच्या ओळीही नसत. जपानी कोणाला येणार? मग प्रेक्षक नीट पाहायला शिकले. कॅमेरा कोठे ठेवला आहे, प्रकाश कोठून येतो, पात्र कधी वळते, याकडे त्यांचे लक्ष जाऊ लागले.

पहिल्या रांगेत काही तरुण रोज येऊन बसत. फ्रान्स्वा त्रुफो, जाँ-ल्यूक गोदार, जाक रिवेत ही त्यांची नावे. चित्रपट शिकवणाऱ्या कोणत्याही शाळेत त्रुफो गेले नव्हते. हीच त्यांची शाळा. १९५९ आणि १९६० साली त्रुफो व गोदार यांचे पहिले मोठे चित्रपट आले आणि जगभरच्या चित्रपटांची तऱ्हाच बदलली.

फेब्रुवारी १९६८ मध्ये मात्र लांग्लवांवर मोठे संकट आले. संग्रहालयाला सरकारकडून पैसा मिळत असे. हिशेब नीट नाहीत, साठवण नीट नाही, अशी सरकारची तक्रार होती. ती अगदीच खोटी नव्हती. पण सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या खात्याने लांग्लवांना थेट पदावरून दूर केले आणि त्यांच्या जागी दुसरा माणूस बसवला. पॅरिसमधील चित्रपटप्रेमी खवळले. १४ फेब्रुवारीला हजारो लोक रस्त्यावर आले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मोर्चात त्रुफो आणि गोदारही होते. देशोदेशींच्या दिग्दर्शकांनी तारा पाठवल्या : लांग्लवा परत येत नाहीत, तोवर आमचे चित्रपट या संग्रहालयात दाखवू नका. सरकारपुढे मोठाच पेच पडला. कोठारात चित्रपट भरलेले, पण दाखवायला परवानगी नाही! २२ एप्रिलला लांग्लवांना पुन्हा पदावर घेण्यात आले. सरकारी मदत मात्र फार कमी झाली. त्या वर्षी आलेला आपला एक चित्रपट त्रुफो यांनी लांग्लवांच्या संग्रहालयाला अर्पण केला. त्याच्या सुरुवातीलाच संग्रहालयाचे बंद दार दिसते.

१९७२ साली लांग्लवांनी पॅरिसच्या शायो राजवाड्यात चित्रपटांचे वस्तुसंग्रहालय उघडले. त्यात जुने कॅमेरे, पोशाख, पडदे, चित्रे असे सारे काही मांडलेले होते. १९७४ साली अमेरिकेत त्यांना सन्मानाचे ऑस्कर मिळाले. पैशाची चणचण शेवटपर्यंत गेली नाही. १३ जानेवारी १९७७ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. मोंपार्नासच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. मेलिएस ज्या स्थानकात खेळणी विकत, ते तेथून फार दूर नाही. १९९७ साली शायो राजवाड्याला आग लागली आणि त्यांचे वस्तुसंग्रहालय बंद झाले. २००५ पासून सिनेमातेक पॅरिसच्या बेर्सी भागातल्या नव्या इमारतीत आहे.

आपल्याकडे असे संग्रहालय १९६४ साली पुण्यात सुरू झाले. पुढच्या वर्षी पी. के. नायर तेथे कामाला लागले. तेही लांग्लवांच्याच मताचे होते. मिळेल तो चित्रपट त्यांना हवा असे. फाळके यांच्या चित्रपटांची उरलेली रिळे त्यांनी मिळवली. 'आलम आरा'साठी तर ते खुद्द अर्देशीर इराणींपर्यंत पोहोचले होते, पण प्रत हाती आली नाही.

तेव्हा वहीत १९३१ पुढे 'आलम आरा' लिहायचे असेल, तर न पाहताच लिहावे लागेल. १९५७ च्या ओळीवर मात्र तुम्ही अब्बांशी, नानीशी, मामूंशी खुशाल वाद घाला. ते चारही चित्रपट अजून पाहायला मिळतात.