चीनचे विद्यार्थी : फादर मत्तेओ रिची



ज्याची भाषा, चालीरीती आणि विचार आपल्याहून अगदी वेगळे आहेत, त्याला समजून घ्यायचे कसे? तत्त्वज्ञानात या प्रश्नाची दोन टोकाची उत्तरे आढळतात. एक म्हणते, माणसे सगळीकडे सारखीच, तेव्हा आमचेच माप सर्वांना लावा. दुसरे म्हणते, प्रत्येक संस्कृती हे बंद दाराचे घर आहे, बाहेरच्याला आतले कधी कळणारच नाही. येशूसंघीय धर्मगुरू मत्तेओ रिची या दोन्हींच्या मधल्या वाटेने चालले.

त्यांचा जन्म ६ ऑक्टोबर १५५२ रोजी इटलीतील माचेराता येथे झाला. १५७१ साली रोममध्ये ते येशूसंघात दाखल झाले आणि क्लाव्हियस या विख्यात गणितज्ञाकडे शिकले. १५७८ साली ते गोव्यात पोहोचले. ज्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ आपण अभिमानाने मिरवतो, ते फादर थॉमस स्टीफन्स पुढच्याच वर्षी तेथे आले. रिचींना १५८० साली कोचीन येथे गुरुदीक्षा मिळाली. त्या काळी गोव्यात, शिकून गर्विष्ठ होतील या सबबीखाली भारतीय विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकण्यास मज्जाव करण्यात आला. तरुण रिचींनी १५८१ साली रोमला थेट संघप्रमुखांना पत्र लिहून या निर्णयाला विरोध केला. जो न्याय युरोपातील विद्यार्थ्यांना लावत नाही, तो येथल्यांना का, हा त्यांचा मुद्दा होता. समोरच्यालाही आपल्याइतकीच बुद्धी आहे, हा विश्वास त्यांच्या पुढील सर्व कार्याचा पाया ठरला.

१५८२ साली ते मकावला गेले आणि चिनी भाषा शिकू लागले. पुढच्या वर्षी झाओचिंग शहरात राहण्याची परवानगी मिळाली. सुरुवातीला ते बौद्ध भिक्षूंसारखी वस्त्रे घालत. परंतु समाजात खरा मान कन्फ्युशियसच्या ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांना आहे, हे ध्यानात आल्यावर १५९५ साली त्यांनी विद्वानांचा वेष स्वीकारला. त्यासाठी नुसता झगा बदलून भागणार नव्हते. ते प्राचीन चिनी ग्रंथ जाणकारांकडून शिकले. त्यांनी चिनी भाषेत लिहिलेल्या पहिल्या पुस्तकांपैकी एकाचा विषय होता मैत्री! जगाचा नकाशा काढताना त्यांनी चीनला मध्याजवळ आणले, परंतु इतर खंडही दाखवले.

१६०१ साली त्यांना बीजिंगमध्ये प्रवेश मिळाला. बादशहाला नजर केलेल्या घड्याळांचे तेथे मोठे कौतुक झाले. १६०३ साली त्यांचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात एक चिनी आणि एक पाश्चात्त्य विद्वान परमेश्वराविषयी संवाद करतात. दोघांनाही मान्य असलेल्या बुद्धीच्या आधारे तो संवाद पुढे सरकतो. चीनच्या प्राचीन ग्रंथांतील ‘शांगदी’, म्हणजे वरचा स्वामी, तोच आपला परमेश्वर, असे रिचींनी त्यात मांडले. १६०७ साली श्यू ग्वांगची या ख्रिस्ती झालेल्या विद्वानासह त्यांनी युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग चिनी भाषेत आणले.

त्यांच्या समजुतीलाही मर्यादा होत्या. कन्फ्युशियसला त्यांनी जितक्या आस्थेने वाचले, तितक्या आस्थेने बौद्ध धर्माला वाचले नाही. त्यावर कठोर टीकाच केली. जवळचा वाटणारा परका समजून घेणे सोपे असते, न पटणारा परका समजून घेणे अवघड असते.

११ मे १६१० रोजी बीजिंगमध्ये त्यांचे निधन झाले. परदेशी असूनही बादशहाने त्यांच्या दफनासाठी जागा दिली. पूर्वजांपुढे नमणे ही भक्ती नसून आदर आहे, असे रिचींचे मत होते. त्यावरून ख्रिस्तसभेत दीर्घ वाद झाला. १७०४ साली रोमने त्या विधींना मनाई केली आणि १७४२ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी ती कायम केली. अखेर १९३९ साली पोप बारावे पायस यांच्या काळात ती उठली. परक्यांचा आदर आणि भक्ती यांतला फरक मान्य करायला आपल्याला दोन शतकांहून अधिक काळ लागला. तेवढ्या काळात चीनमधील किती श्रद्धावंतांना आपले पूर्वज आणि आपली ख्रिस्तसभा यांत निवड करावी लागली असेल! १७ डिसेंबर २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रिचींच्या सद्गुणी जीवनाला मान्यता दिली आणि त्यांना ‘आदरणीय’ ही पदवी मिळाली.

बंधू-भगिनींनो, शेजाऱ्याच्या एखाद्या रीतीवर मत देण्यापूर्वी, तो ती का पाळतो हे त्यालाच विचारू या. आणि त्याचे उत्तर विद्यार्थ्याच्या कानांनी ऐकू या.