माणसे पळवणारा, माणसे टिकवणारा : मुतो सांजी

कोबे बंदराला लागून असलेल्या ह्योगो भागात १८९६ साली कानेगाफुची कंपनीची नवी सूतगिरणी सुरू झाली. सुमारे ४०,००० चात्या, मित्सुई घराण्याचे भांडवल, आणि मुंबई बंदरातून जहाजांनी येणारा कापूस, असा सगळा सरंजाम सिद्ध होता. उणीव होती ती माणसांची. ती कोठून आणायची याचे उत्तर गिरणीच्या २९ वर्षांच्या व्यवस्थापकाने अगदी सरळ मार्गाने शोधले. त्याने अधिक मजुरी देऊ केली आणि ओसाका परिसरातल्या जुन्या गिरण्यांतल्या मुली ह्योगोकडे वळू लागल्या. जपानच्या औद्योगिक इतिहासातले एक मोठे भांडण त्यातून उभे राहिले. त्या व्यवस्थापकाचे नाव मुतो सांजी.

जपानी कंपनी म्हणजे एक कुटुंब, एकदा आत गेलेला माणूस निवृत्तीपर्यंत तिथलाच, ही समजूत आज तोक्यो किंवा योकोहामातल्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या मराठी माणसाच्याही कानावर पहिल्या आठवड्यातच पडते. जणू ती रीत सामुराईंच्या काळापासून चालत आली आहे, अशा थाटात ती सांगितली जाते. वस्तुस्थिती तशी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानी गिरणीकामगार वर्षभरही एका जागी टिकत नसे. टिकाऊ नोकरीची कल्पना पुढे माणसांनीच घडवली, आणि ती घडवणाऱ्यांत मुतो यांचे नाव फार वर घ्यावे लागते.

मुतो यांचा जन्म १८६७ चा, म्हणजे मेइजी पर्वाच्या उंबरठ्यावरचा. घराणे साकुमा या आडनावाचे, मिनो प्रांतातले, म्हणजे आजच्या गिफू परगण्यातले, सधन जमीनदारांचे. मुतो हे आडनाव नंतरचे. फुकुझावा युकिची यांच्या केइओ गिजुकू या विद्यालयातून १८८४ साली शिक्षण पूर्ण करून पुढच्याच वर्षी त्यांनी अमेरिकेचा रस्ता धरला. तिथे प्रारंभी सिगार वळण्याच्या कारखान्यात उमेदवारी केली. नंतर सॅन होझे येथील महाविद्यालयात भोजनगृहात वाढप्याचे काम करत ते शिकले. जमीनदाराच्या मुलाने परक्या देशात ताटे उचलावीत, हा अनुभव त्यांना पुढे कितपत उपयोगी पडला हे मोजता येणार नाही. पण मजुरी मोजून घेणाऱ्याच्या बाजूने जग कसे दिसते, हे त्यांनी कारखानदार होण्याआधी पाहिले होते एवढे निश्चित. १८८७ मध्ये ते मायदेशी परतले आणि अमेरिकेत जाऊन स्थायिक होण्याविषयी एक पुस्तक लिहून मोकळे झाले. वृत्तपत्रांच्या जाहिराती मिळवून देण्याचा व्यवसाय, इंग्रजी वृत्तपत्रातली नोकरी, जर्मन व्यापारी पेढी, असे काही उंबरे झिजवून १८९३ साली ते मित्सुई बँकेत दाखल झाले.

इथे एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. मित्सुईसारख्या जुन्या व्यापारी घराण्यात माणूस घ्यायचा म्हणजे दहा-बारा वर्षांचा पोऱ्या घ्यायचा, त्याला झाडलोटीपासून हिशेबापर्यंत सगळे शिकवायचे आणि योग्य वयात मुनीम करायचा, अशी शतकांची वहिवाट होती. बँकेची सूत्रे हाती घेतलेल्या नाकामिगावा हिकोजिरो यांनी ती मोडली. फुकुझावांचे हे भाचे. मामांच्या विद्यालयातले पदवीधर त्यांनी एकामागून एक मित्सुईत आणले आणि त्यांना चांगले पगार दिले. पुढे जपानच्या उद्योगविश्वात गाजलेली कितीतरी नावे त्या एका भरतीतून आली. विद्यापीठातून थेट कंपनीत, ही आजच्या जपानची प्रमुख वाट तेव्हा पायवाटेच्या रूपात उमटू लागली होती. मुतो त्याच वाटेने आले. वर्षभरातच, १८९४ मध्ये, त्यांना मित्सुईच्या ताब्यातल्या कानेगाफुची कंपनीत, म्हणजेच कानेबोत, धाडण्यात आले.

ओसाकाच्या गिरणीमालकांनी आपसांत संघ केला होता. एकमेकांचे कामगार फोडायचे नाहीत, हा त्या संघाचा मुख्य करार. त्यामागचे कारण उघड होते. गिरणीत बहुतांश मुली होत्या, त्यातल्या पुष्कळ पंधरा-सोळा वर्षांच्या. त्यांना खेड्यांतून आणण्यासाठी भरतीचे दलाल फिरत. दलालाला दर मुलीमागे पैसे मिळत; मुलीच्या बापाला आगाऊ रक्कम दिली जाई आणि ती मुलीच्या मजुरीतून वळती होई. बीड-नगरच्या ऊसतोड कामगारांची उचल आणि मुकादम ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही यंत्रणा समजावून सांगण्याची गरज नाही. करार तीन ते पाच वर्षांचा. राहणे गिरणीच्या वसतिगृहात, बाहेर जाण्यावर बंधन, दिवसपाळी आणि रात्रपाळी बारा-बारा तासांच्या. एवढे करूनही मुली पळत. काही घरी जात, काही क्षयाने खंगून परत पाठवल्या जात, काही दुसऱ्या गिरणीच्या दलालाबरोबर निघून जात. सरकारच्याच कृषी-वाणिज्य खात्याने १९०३ साली कामगारांच्या स्थितीचा जो अहवाल सिद्ध केला, त्यात हे सारे तपशिलाने आले आहे.

म्हणून मालकांच्या दृष्टीने मुतो हे सरळसरळ चोर होते. संघाने कानेबोची नाकेबंदी आरंभली. कापसाच्या व्यापाऱ्यांवर दबाव आला, गुंड आणि मारामाऱ्यांपर्यंत मजल गेली. मुतो यांनी माघार घेतली नाही. त्यांची भूमिका थोडक्यात अशी होती, की कामगार ही कोणाची मालमत्ता नाही. जिथे बरी मजुरी मिळेल तिथे जाण्याचा तिला अधिकार आहे, आणि तिला थांबवायचे असेल तर मजुरी वाढवावी, करार करून वाट अडवू नये. ही भूमिका त्यांच्या सोयीची होती हे खरे. नवी गिरणी भरायची होती, आणि मित्सुईची तिजोरी पाठीशी होती. तरीही सोयीसाठी मांडलेला युक्तिवाद खोटाच असतो असे नाही. बँक ऑफ जपानचे गव्हर्नर इवासाकी यानोसुके यांच्या मध्यस्थीने हा तंटा १८९७ मध्ये मिटला.

तंटा मिटला तरी मूळ दुखणे राहिलेच. अधिक मजुरीने आलेली मुलगी त्याहून अधिक मजुरीने जाऊही शकते, हे मुतो यांच्याइतके कोणाला कळणार? पुढची तीस वर्षे त्यांचे बहुतेक लक्ष माणसे आणण्यापेक्षा माणसे टिकवण्याकडे लागलेले दिसते. वसतिगृहे सुधारली, पाळणाघर, शाळा, दवाखाना आले. अमेरिकेतल्या डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीचे पाहून १९०३ मध्ये त्यांनी गिरणीत सूचनापेटी बसवली. कामगाराने सुधारणा सुचवावी आणि उपयोगी ठरल्यास बक्षीस घ्यावे. आज जपानी कारखान्यांच्या ज्या सूचनापद्धतीचे जगभर गोडवे गाइले जातात, तिचे हे आरंभीचे रूप. त्याच वर्षी कंपनीचे स्वतःचे नियतकालिक निघाले. त्याच्या नावाचे मराठी भाषांतर करायचे तर ‘कानेबोचा भोंगा’ असेच करावे लागेल. गिरणगावात वाढलेल्याला ते आपल्याच घरचे वाटेल. मुलींसाठी वेगळे मासिक पुढच्या वर्षी आले. १९०५ मध्ये जर्मनीतील क्रुप कारखान्याच्या धर्तीवर परस्पर साहाय्य निधी स्थापन झाला. त्यात कामगार आणि कंपनी दोघेही भर घालत, आणि आजारपण, बाळंतपण, वार्धक्य यांसाठी त्यातून मदत मिळे. देशात सक्तीचा आरोग्य विमा येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

जपानीत या साऱ्याला ओंजोशुगी म्हणतात. माया-ममतेचे धोरण, असे म्हणता येईल. मालक बाप आणि कामगार लेकरे. या कल्पनेत ऊब होती तशी मेखही होती. बापाशी वाटाघाटी करता येत नाहीत, बापाविरुद्ध संघटना काढता येत नाही. मुतो यांना कामगार संघटना आणि सरकारी कायदा यांविषयी फारशी आस्था नव्हती. कानेबोच्या गिरण्या इतरांपेक्षा बऱ्या होत्या याबद्दल वाद नाही. पण रात्रपाळी तिथेही होती. जपानी गिरण्यांतली स्त्रियांची रात्रपाळी बंद झाली ती १९२९ साली, कायद्याने, एकाही मालकाच्या मायेने नव्हे.

आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेचे पहिले अधिवेशन ऑक्टोबर १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरले, तेव्हा जपानच्या मालकवर्गाचे प्रतिनिधी म्हणून मुतो तिथे गेले. त्याच सभागृहात हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसले होते नारायण मल्हार जोशी. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे हे नामजोशी वृत्तीचे, शांत, चिकाटीचे गृहस्थ मुंबईत सोशल सर्व्हिस लीगमार्फत गिरणीकामगारांच्या वस्त्यांत काम करत होते. योगायोग एवढाच नव्हता. मुतो यांच्या गिरण्यांत कातला जाणारा कापूस बराचसा वऱ्हाड-खानदेशातून मुंबईमार्गे गेलेला असे. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने निप्पॉन युसेन कंपनीची मुंबई-जपान जहाजवाहतूक सुरू झाली, ती मुख्यतः या कापसासाठीच. एकाच कापसाच्या दोन टोकांची ही दोन माणसे. परिषदेने आठवड्याला ४८ तासांचे काम हे सर्वसाधारण मान ठरवले. जपानला मात्र ५७ तासांची आणि हिंदुस्थानला ६० तासांची सवलत दिली. दोन्ही देशांच्या कामगार प्रतिनिधींची निवड सरकारने केली होती. जपानमध्ये त्यावरून संघटनांनी मोठा गदारोळ केला. इकडे प्रतिनिधी निवडू शकेल अशी देशव्यापी संघटनाच नव्हती. ती, म्हणजे आयटक, पुढच्या वर्षी मुंबईत स्थापन झाली आणि जोशी तिच्या आधारस्तंभांपैकी एक ठरले. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा भरती जॉबरच्या हाती होती. कोकणातून आलेला माणूस गाववाल्या जॉबरला धरून खात्यात शिरे, त्याला दस्तुरी देई आणि त्याच्या मर्जीवर राही. तिथे ना बाप होता ना करार.

मुतो १९२१ मध्ये कानेबोचे अध्यक्ष झाले. दोन वर्षांनी त्यांनी व्यापारी-उद्योजकांचा स्वतंत्र राजकीय पक्ष काढला आणि १९२४ मध्ये संसदेत निवडून गेले. राजकारणात त्यांचे फार चालले नाही. सरकार आणि बडे भांडवलदार यांचे साटेलोटे मोडायला निघालेल्या माणसाचे कुठेच फार चालत नाही. १९३० च्या आरंभी त्यांनी कानेबो सोडली, तेव्हा कंपनीने त्यांना ३० लाख येन एवढी प्रचंड रक्कम दिली. त्यानंतर काही आठवड्यांतच, मंदीचे कारण सांगून, कंपनीने कामगारांचा भत्ता काढला. एप्रिलमध्ये ह्योगो, योदोगावा, क्योतो, तोक्यो इथल्या गिरण्यांत संप झाला. ज्या गिरण्यांत संप होणे अशक्य मानले जाई, तिथल्या मुली रस्त्यावर आल्या. कुटुंबाचा तह मंदीत टिकत नाही हे त्यांना कळले होते, आणि ते कळायला बापाच्या निरोपाची रक्कम पुरेशी होती. मुतो तेव्हा पदावर नव्हते, हे त्यांच्या चाहत्यांचे उत्तर. ते पूर्ण समाधान करणारे नाही.

अखेरची दोन वर्षे त्यांनी पत्रकारितेत घालवली. गुरू फुकुझावांनी १८८२ मध्ये स्थापलेले ‘जिजी शिम्पो’ हे वृत्तपत्र डबघाईला आले होते. १९३२ मध्ये मुतो यांनी त्याची धुरा घेतली. १९३४ च्या प्रारंभी या पत्राने उद्योगपती व राजकारणी यांच्या एका गटाने तेइजिन कंपनीच्या समभागांत केलेल्या कथित व्यवहारांवर लेखमाला चालवली. ती चालू असतानाच ९ मार्चला सकाळी कामाकुराजवळ घरातून निघालेल्या मुतो यांच्यावर एका इसमाने गोळ्या झाडल्या. त्यांच्याबरोबरचा तरुण सहायक ठार झाला, मारेकऱ्याने तिथेच आत्महत्या केली, आणि दुसऱ्या दिवशी मुतो यांचे निधन झाले. लेखमालेतून उद्भवलेल्या खटल्यात मंत्रिमंडळ गडगडले. पुढे १९३७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले.

कानेबो गिरण्यांपासून सौंदर्यप्रसाधनांपर्यंत आली, हिशेबातल्या लबाड्यांत अडकली आणि २००७ मध्ये मूळ कंपनी विसर्जित झाली; नाव प्रसाधनांच्या डबीवर उरले. त्याच सुमारास मुतो यांच्या पिढीने उभारलेली नोकरीची घडीही सैल होत होती. पदवीधरांच्या सामुदायिक भरतीचे वेळापत्रक आखून देणे केइदानरेन या उद्योगसंघाने थांबवायचे ठरवले ते २०१८ मध्ये. आता अनुभवी माणूस मध्येच घेणे, कामाचे स्वरूप ठरवून त्या कामापुरता पगार देणे, हे बड्या कंपन्यांतही रुळते आहे. परदेशी पदवीधारकांना त्याचा लाभ झाला आहे. पण शेतात, बांधकामावर, मासळीच्या कारखान्यात येणाऱ्या परदेशी कामगारांची कथा वेगळी. १९९३ पासून चालत आलेल्या प्रशिक्षणार्थी योजनेत त्यांना मालक बदलण्याची मुभा जवळजवळ नव्हती, आणि येण्यासाठी मायदेशी दलालाकडून काढलेले कर्ज अनेकांच्या डोक्यावर असे. ती योजना रद्द करून नवी आणणारा कायदा संसदेने २०२४ मध्ये संमत केला; तो २०२७ पासून लागू व्हायचा आहे. ठरावीक काळानंतर, काही अटींवर, त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या मालकाकडे जाण्याची परवानगी त्यात आहे. चर्चेच्या काळात मुख्य आक्षेप आला तो ग्रामीण भागातल्या मालकांकडून : शहरातले लोक अधिक पगार देऊन आमची माणसे पळवतील.