शास्त्र्यांच्या घरातील शाहीर

लावणीला पांडित्याचा साज चढवणारे शाहीर राम जोशी हे मूळचे सोलापूरचे. पेशवाईच्या उत्तरार्धात तेथील एका विद्वान ब्राह्मण घराण्यात त्यांचा जन्म झाला. थोरले बंधू मुद्गल जोशी व्युत्पन्न पुराणिक होते. रामाचे मन मात्र तमाशाच्या फडाकडे ओढले गेले आणि धोंडी शाहिरासाठी ते लावण्या रचू लागले. शास्त्र्यांच्या मुलाने डफ-तुणतुण्यात रमावे, हे बंधूंना रुचले नाही. रामाला घर सोडावे लागले.

त्यांनी पंढरपूर गाठले आणि तेथे संस्कृत विद्येचे अध्ययन केले. या विद्येने त्यांना तमाशापासून तोडले नाही. उलट लावणीलाच नवे तेज दिले. संस्कृतप्रचुर शब्दकळा, यमक-अनुप्रासांची लयलूट आणि ठसकेबाज बोली त्यांच्या रचनेत सहज एकत्र नांदतात. मराठी-कानडी सीमेवरच्या सोलापूरचा हा सुपुत्र कानडीतही लीलया रचना करी.

बारामतीचे पंडितकवी मोरोपंत (१७२९-१७९४) यांच्या प्रभावाने ते कीर्तनाकडे वळले, अशी आख्यायिका आहे. पंतांच्या आर्या कीर्तनांतून घरोघरी पोहोचवण्याचे मोठे श्रेय त्यांच्याकडे जाते.

ज्या कलेपायी घर सुटले, तिनेच त्यांना अजरामर केले. १९४७ मध्ये 'राजकमल'च्या 'लोकशाहीर राम जोशी' या चित्रपटात जयराम शिलेदारांनी त्यांची भूमिका साकारली आणि सोलापूरचा हा शाहीर नव्या पिढीच्या ओठांवर आला.