कामगारांचे कैवारी : नारायण मेघाजी लोखंडे

२०२० च्या टाळेबंदीत आमच्या पुंडलिकनगरात गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे बांधले होते. माझे वडील बांधकामावर रोजंदारीने जातात. काम थांबले तशी मजुरीही थांबली. रोग खरा होता, आणि घरातला रिकामा डबाही खरा होता. म्हणूनच कै. नारायण मेघाजी लोखंडे यांचे चरित्र मला जवळचे वाटले.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे एका गरीब माळी कुटुंबात झाला. मॅट्रिकपर्यंत शिकून त्यांनी रेल्वेत व टपाल खात्यात नोकरी केली. पुढे मुंबईच्या एका कापडगिरणीत ते स्टोअरकीपर झाले. कामगारांचे हाल त्यांनी तेथे जवळून पाहिले. महात्मा फुले यांचे ते निष्ठावंत अनुयायी होते. १८८० साली त्यांनी 'दीनबंधू' पत्राची धुरा खांद्यावर घेतली. १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून त्यांनी मागण्यांचा अर्ज केला. त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पंधरा तारखेच्या आत पगार आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार, या त्यांतील प्रमुख मागण्या. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पगाराचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघड झाला. घरांत शिरून तपासणी करण्याचे व रोग्याला सक्तीने इस्पितळात नेण्याचे हुकूम निघाले. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. सरकारलाही सक्ती सैल करावी लागली. कामगारांची पंचाईत दुहेरी होती. राहावे तर जीव जाणार, गावी पळावे तर गिरणीत अडकलेला पगार बुडणार. तरीही लोक लाखांनी गेले. गिरण्या ओस पडू लागल्या, तेव्हा मालक रोजच्या रोज मजुरी द्यायला तयार झाले! बारा वर्षांपूर्वी पंधरा तारखेला जे जमत नव्हते, ते आता रोज जमू लागले.

लोखंडे मुंबई सोडून गेले नाहीत. प्लेगच्या रोग्यांसाठी इस्पितळ उघडण्यात त्यांनी पुढाकार घेतला. सेवा करताना त्यांनाच प्लेगने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. महिन्याभराने, १० मार्चला, सावित्रीबाई फुले यांनीही पुण्यात असाच देह ठेवला.

लोखंडे गेले त्याच्या पाचच दिवस आधी, ४ फेब्रुवारीला, साथरोगाचा कायदा झाला. २०२० साली आपल्याकडे लागू झाला तो हाच कायदा. रोग्याला अलग ठेवावेच लागते, हे लोखंडे यांच्या मरणावरूनच कळते. पण बरा होईपर्यंत पगार, ही त्यांची मागणी अपघातापुरती असली तरी तिच्यात मोठे शहाणपण आहे. माणसाला घरी थांबवायचे, तर त्याच्या चुलीची सोयही थांबवणाऱ्याने पाहिली पाहिजे. मित्रहो, पुढची साथ येईल तेव्हा आपल्यापैकी कोणी अधिकारी असेल. त्याने त्या कायद्याबरोबर १८८४ चा तो अर्जही आठवावा.