कर्ज फिटलं, पण सवय सुटली नाही : बालगंधर्वांच्या आयुष्यातला एक धडा



२६ जून ही तारीख आपल्या शाळांमध्ये राजर्षी शाहू महाराजांची जयंती म्हणून साजरी होते. प्रतिमापूजन होतं, मुलांची भाषणं होतात. याच तारखेला, १८८८ साली, आणखी एका मोठ्या माणसाचा जन्म झाला. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व. मुलांना त्यांच्याबद्दल सांगताना आपण सहसा दोनच गोष्टी सांगतो. गळा फार गोड होता आणि ते स्त्रीभूमिका करायचे. आज मी तिसरी गोष्ट सांगणार आहे. ती त्यांच्या कर्जाची आहे.

कर्जाची गोष्ट शैक्षणिक ब्लॉगवर कशाला, असं काहींना वाटेल. पण आमच्या कासार आंबोलीत काय किंवा तुमच्या गावात काय, 'हप्ता' हा शब्द आता पहिलीच्या मुलालाही माहीत असतो. कुणाचे बाबा पिरंगुटला कंपनीत जातात आणि पगारातून घराचा हप्ता कापला जातो. कुणाचा टेम्पो कर्जावर असतो, तर कुणाच्या आईचे दागिने सोनेतारणात पडलेले असतात. मुलं हे सगळं ऐकत असतात, फक्त त्यावर त्यांच्याशी कुणी बोलत नाही. कर्ज असणं हा काही गुन्हा नाही, हे त्यांना कळायला हवं. ते फेडता येतं हेही कळायला हवं. आणि फेडल्यानंतर काय सांभाळायचं, हे तर मुलांबरोबर आपल्यालाही कळायला हवं. बालगंधर्वांच्या आयुष्यात या तिन्ही गोष्टी आहेत.

नारायणचा बालगंधर्व झाला

नारायण लहान असताना पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचं गाणं ऐकलं आणि कौतुकाने त्याला 'बालगंधर्व' म्हटलं, असं सांगतात. ते नाव आयुष्यभर टिकलं. लहानपणी त्याला ऐकायला कमी येत होतं. शाहू महाराजांनी मिरजेच्या मिशन इस्पितळात त्याच्या कानावर उपचार करवले. म्हणजे २६ जूनला जन्मलेल्या या दोघांचं नातं नुसतं तारखेचं नाही. महाराजांनी गुण ओळखून हात दिला नसता तर हा गळा कदाचित घरातच राहिला असता.

१९०५ साली नारायणराव किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. त्या कंपनीचे गाजलेले गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले होते आणि त्यांची जागा रिकामी होती. ती या सतरा वर्षांच्या मुलाने भरून काढली. भास्करबुवा बखले यांच्यासारखे गुरू मिळाले. शकुंतला, सुभद्रा अशा भूमिका गाजू लागल्या.

१९११ साली मुंबईत 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. नारायणराव रंगमंचावर उभे राहिले आणि भामिनीची भूमिका केली. हे योग्य की अयोग्य, यावर आपण वाद घालू शकतो. पण तिकीट काढून आलेल्या माणसाचं आपण देणं लागतो, ही भावना त्यांच्या मनात किती खोल होती ते यावरून कळतं. पुढच्या गोष्टीसाठी हे लक्षात ठेवा.

स्वतःची कंपनी आणि राजेशाही थाट

१९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय मिळाला. १९१६ साली 'स्वयंवर' आलं, त्यातली रुक्मिणी घराघरात पोचली. १९१९ साली बडोद्याला 'एकच प्याला' झालं. ते लिहिणारे राम गणेश गडकरी महिनाभर आधीच गेले होते. बालगंधर्वांची सिंधू पाहून लोक ढसाढसा रडत. ते जसं लुगडं नेसत तसं नेसण्याची हौस चांगल्या घरच्या बायकांना होती.

पण त्या काळची नाटक कंपनी म्हणजे काय होतं, हे समजून घ्या. ते एक चालतंफिरतं गावच होतं. नट, वादक, पडदे ओढणारे, कपडेपट सांभाळणारे, आचारी, वाढपी असा सगळा लवाजमा. आज पुणे, पुढच्या महिन्यात सांगली, मग वऱ्हाड-खानदेश. रेल्वेने सामान हलवायचं, बिऱ्हाड मांडायचं, दोन्ही वेळची पंगत उठवायची. प्रयोग असो वा नसो, चूल पेटलीच पाहिजे.

त्यात नारायणरावांना खोटं काही चालायचं नाही. राजकन्येची भूमिका असेल तर शालू खराच हवा. अत्तर उंची हवं, साथीला उत्तमातले उत्तम वादक हवेत. १९२० साली 'द्रौपदी' नाटकाच्या देखाव्यांवर अफाट पैसा ओतला. लोक डोळे विस्फारून बघत. पण तिकिटांतून येणारा पैसा आणि देखाव्यावर जाणारा पैसा यांचा मेळ काही बसला नाही.

कर्जाचा डोंगर

टेंबे आधीच कंपनीतून बाहेर पडले होते, पुढे बोडसही गेले. १९२१ साली नारायणराव एकटे मालक झाले. आता मालकीही एकट्याची आणि कर्जही एकट्याचं. तेव्हा त्यांचं वय ३३ होतं. आपल्यापैकी बरेच जण गृहकर्ज घेतात, साधारण तेच वय.

विचार करा, अशा वेळी माणूस काय काय करू शकतो? कंपनी मोडून टाकता आली असती. नादारी पत्करून मोकळं होता आलं असतं. भागीदार गेले, आता मी एकट्याने का भरू, असंही म्हणता आलं असतं. त्यांनी यातलं काही केलं नाही. ते प्रयोग करत राहिले.

त्याच वर्षातली एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन मोठ्या कंपन्यांचे दोन मोठे नट एका रंगमंचावर. उत्पन्न होतं टिळक स्वराज्य फंडासाठी. डोक्यावर कर्ज असलेला माणूस देशाच्या कामासाठी रात्रभर गातो आणि आलेला पैसा देऊन टाकतो! कर्जबाजारी माणूस दीनवाणाच असला पाहिजे असं काही नसतं, हे यातून दिसतं.

सात वर्षं

कर्ज फिटायला सुमारे सात वर्षं लागली. हे वाक्य वाचायला एक क्षण लागतो, पण प्रत्यक्षात त्यात किती रात्री गेल्या असतील! नाटक रात्री सुरू व्हायचं ते उत्तररात्रीपर्यंत, कधी पहाटेपर्यंत चालायचं. 'वन्समोअर' आला की पद पुन्हा म्हणायचं. वय तिशी ओलांडून चाळिशीकडे चाललेलं आणि रंगमंचावर उभं राहायचं षोडशवर्षीय रुक्मिणी म्हणून. गळा बसून चालणार नाही, शरीर सुटून चालणार नाही.

इतकी वर्षं उमेद कशी टिकली असेल? मला तीन कारणं दिसतात.

१. फेडायचं साधन त्यांच्या आवडीचंच होतं. कर्जासाठी त्यांनी न आवडणारा धंदा धरला नाही. जे सर्वांत चांगलं येत होतं तेच जास्त निष्ठेने केलं.

२. समोर माणसं होती. रसिकांना ते मायबाप मानत. सावकाराचा आकडा वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर ठेवून कुणी रोज उठू शकत नाही. पण आज रात्री थिएटरात येणारी माणसं डोळ्यांसमोर असतील तर उठवतं.

३. काम रोजचं होतं. सात वर्षांचं ओझं एकदम उचलायचं नव्हतं, आजचा प्रयोग चांगला करायचा होता. उद्याचा उद्या.

आपल्याकडे हप्ता भरणाऱ्या घरांना यातलं दुसरं आणि तिसरं कारण सहज लागू पडतं. वीस वर्षांचं कर्ज असं म्हटलं की छाती दडपते. या महिन्याचा हप्ता वेळेवर गेला असं म्हटलं की बरं वाटतं.

आणि मग पुन्हा तेच

गोष्ट इथे संपली असती तर किती छान झालं असतं. पण चरित्र सांगताना सोयीचं तेवढं सांगणं बरोबर नाही. कर्ज फिटलं, खर्चाची पद्धत मात्र तीच राहिली. शालू खराच, पंगत मोठीच, वादक थोरच. तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष अशी साथ ज्यांनी ऐकली ते भाग्यवान. पण कमाई किती, खर्च किती, शिल्लक किती, हा हिशेब मालकाच्या डोक्यात नव्हता.

त्यातच काळ बदलला. १९३१ साली 'आलम आरा' हा बोलपट आला. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. थोड्या पैशांत गाणं आणि नाटक दोन्ही पाहायला मिळू लागलं. नाटक कंपन्या एकामागून एक बंद पडू लागल्या. गाठीला शिल्लक असती तर गंधर्व मंडळीला हा धक्का कदाचित सोसला असता. शिल्लक नव्हती, कर्ज पुन्हा वाढत गेलं. १९३५ साली नारायणरावांनी प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली. पण त्यांचा जीव कॅमेऱ्यापुढे रमला नाही. पुढचे चित्रपट सोडून ते रंगभूमीकडे परतले. उतारवयात पायांनी साथ सोडली, पैशांची चणचण कायम राहिली.

मान मात्र कमी झाला नाही. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६४ साली पद्मभूषण मिळालं. पुण्यातल्या रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली त्यांच्याच हस्ते बसली. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या जन्मदिवशी, २६ जून १९६८ रोजी, बालगंधर्व रंगमंदिर सुरू झालं.

आपण काय घ्यायचं?

त्यांच्या उधळेपणावर बोट ठेवण्याइतके आपण मोठे नाही. त्या खर्चातून जे उभं राहिलं त्याने महाराष्ट्राचे कान तयार झाले. पण आपण संसारी माणसं. आपल्याला त्यांची पहिली सात वर्षं उचलायची आहेत आणि नंतरची सोडायची आहेत.

कर्ज फेडणं आणि कर्जातून बाहेर राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला कष्ट आणि जिद्द लागते, दुसरीला वही लागते. जिद्दीत आपली माणसं कुठेच कमी नाहीत. ओव्हरटाइम करतील, रात्रपाळी करतील, पोटाला चिमटा घेतील आणि कर्ज फेडतील. मग दारात लग्न येतं, आणि लोक काय म्हणतील म्हणून मांडव, बँड आणि जेवणावळ. नाटकातला शालू आणि लग्नातला मांडव, दोन्हीमागे थाट कमी पडू नये हीच भावना असते. म्हणून शेवटचा हप्ता भरल्यानंतरचा महिना सर्वांत महत्त्वाचा. त्या महिन्यापासून तेवढीच रक्कम बाजूला टाकत राहिलात, पतसंस्थेत, पोस्टात, बचत गटात, कुठेही, तर पुढचा धक्का सोसता येईल.

वर्गात घेण्यासारखं

सातवीला 'बँक व सरळव्याज' शिकवताना हे उदाहरण जोडून घ्या. एका कुटुंबाने ५०,००० रुपये महिना शेकडा २ रुपये व्याजाने घेतले. पहिल्या महिन्याचं व्याज १,००० रुपये.

- दर महिन्याला फक्त १,००० रुपये दिले तर चार वर्षांत ४८,००० रुपये जातात आणि मुद्दल ५०,००० तसंच उभं राहतं.
- दर महिन्याला २,००० रुपये दिले तर पहिल्या महिन्यात १,००० मुद्दल फिटतं. दुसऱ्या महिन्यात व्याज ९८० रुपये, तिसऱ्या महिन्यात ९५९ रुपये ६० पैसे. असं करत साधारण ३५ महिन्यांत कर्ज संपतं.

व्याजाचा आकडा दर महिन्याला कमी होताना मुलांना वहीत लिहू द्या. तो उतरता आकडा हीच फेडणाऱ्याची उमेद असते. घरी भिंतीवर असा तक्ता लावला तर मोठ्यांनाही त्याचा उपयोग होतो.

एक काळजी मात्र घ्या. तुमच्या घरी किती कर्ज आहे, असं मुलांना वर्गात विचारू नका. कर्जाचा आकडा ही घरातली गोष्ट आहे, ती घरातच राहू द्या. उदाहरण कायम काल्पनिक कुटुंबाचं घ्या. शेवटी एकच प्रश्न विचारा: कर्ज फिटल्यावर बालगंधर्वांनी काय केलं असतं तर ते पुन्हा कर्जात पडले नसते? मुलं काय काय उत्तरं देतात ते नीट ऐका, आणि आम्हालाही जरूर कळवा.