जिम थॉर्प : खऱ्या नावाने खेळल्याची किंमत

पेनसिल्व्हेनियात, पोकोनो डोंगरांच्या कुशीत, लीहाय नदीच्या वळणावर ‘जिम थॉर्प’ नावाचे एक लहानसे गाव आहे. पानगळीच्या दिवसांत न्यू जर्सी आणि फिलाडेल्फिया परिसरातील अनेक मराठी कुटुंबे तेथे रंगलेली झाडे पाहायला जातात, जुन्या आगगाडीतून दरीची सैर करतात आणि संध्याकाळी घरी परततात. गावाचे नाव एका खेळाडूचे आहे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्या खेळाडूचा आपल्या हयातीत या गावाशी काहीही संबंध आला नव्हता, त्याची शवपेटी मात्र तेथे आहे, आणि ती तेथे कशी पोहोचली याचा उलगडा करायचा तर अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलच्या उगमापर्यंत मागे जावे लागते.

जिमचा जन्म १८८७ साली, आजच्या ओक्लाहोमा राज्यातील प्राग या गावाजवळ झाला. तेव्हा तो भाग ‘इंडियन टेरिटरी’ म्हणून ओळखला जाई. वडील सॅक अँड फॉक्स जमातीचे, आईकडून पोटावाटोमी रक्त. जमातीने मुलाला ‘वा-थो-हक’ हे नाव दिले. त्याचा अर्थ उजळलेली वाट असा सांगतात. चार्ली हा त्याचा जुळा भाऊ. दोघे एकत्र वाढले, एकत्र शाळेत गेले, आणि नऊ वर्षांच्या आसपास चार्ली आजारपणात गेला. त्यानंतर जिम शाळेत टिकेना. तो पुनःपुन्हा पळून घरी येई आणि वडील त्याला पुनःपुन्हा परत पाठवीत. पुढे आईही बाळंतपणात गेली. १९०४ मध्ये तो पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलमध्ये दाखल झाला, आणि वडिलांचे छत्रही लवकरच हरपले.

कार्लाइल ही साधी शाळा नव्हती. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये लष्कराच्या जुन्या बराकींत ती सुरू केली होती. मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून गोऱ्या समाजाच्या साच्यात बसवणे हा तिचा उघड हेतू होता. आल्याबरोबर मुलांचे केस कापले जात, अंगावर गणवेश चढे, मातृभाषा बोलण्यास बंदी असे. सुटीत त्यांना आसपासच्या गोऱ्या कुटुंबांकडे शेतीच्या आणि घरकामाच्या कामांवर पाठवत. या शाळेचे नाव देशभर झाले ते मात्र तिच्या फुटबॉल संघामुळे. प्रशिक्षक ग्लेन वॉर्नर, म्हणजे सर्वांचे ‘पॉप’ वॉर्नर, हे अत्यंत कल्पक आणि तितकेच व्यवहारी गृहस्थ होते. हार्वर्ड आणि पेनसिल्व्हेनियासारख्या धनाढ्य विद्यापीठांशी सामने ठरवून ते शाळेच्या तिजोरीत पैसा आणत. १९०७ मध्ये कामाच्या कपड्यांतला एक मुलगा मैदानावरून जाता जाता उंच उडीची दांडी सहज ओलांडून गेला, ही बातमी वॉर्नर यांच्या कानी पोहोचली आणि जिमचे आयुष्य बदलले.

१९०९ च्या उन्हाळ्यात घडलेली गोष्ट त्या वेळी अगदी किरकोळ होती. शाळेतील दोन सोबत्यांबरोबर थॉर्प नॉर्थ कॅरोलायनात गेला आणि रॉकी माउंट या गावाच्या बेसबॉल संघात खेळू लागला. मोबदला होता तो जेवणाखाण्याला पुरेल इतपत. सामन्यामागे दोन डॉलर, आठवड्याला फार तर पस्तीस, असे आकडे सांगितले जातात. पुढच्या उन्हाळ्यातही तो तेथे खेळला. अशा लहान लीगमध्ये त्या काळी महाविद्यालयीन खेळाडूंची रीघ असे. ते सारे खोटी नावे लावून खेळत, म्हणजे शरद ऋतूत विद्यापीठाच्या संघात पुन्हा ‘हौशी’ म्हणून उतरता येई. थॉर्पने स्वतःचेच नाव लावले. स्थानिक वर्तमानपत्रांत ते छापूनही आले. लपवण्यासारखे काही आहे हे त्याला सुचले नाही, की सुचवणारे कोणी जवळ नव्हते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तो १९११ मध्ये कार्लाइलला परतला. त्या वर्षी कार्लाइलने हार्वर्डला १८–१५ असे हरवले. त्यातले बारा गुण थॉर्पने लाथेने मारलेल्या चार फील्ड गोलांचे होते. पुढच्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा २७–६ असा पराभव झाला. अकादमीच्या त्या संघात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक तरुण होता, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. ज्यांचे आजे-पणजे अमेरिकी सैन्याशी लढले होते, ती मुले सैन्याच्या भावी अधिकाऱ्यांना मैदानात लोळवत होती. याचा अर्थ प्रेक्षकांना समजावून सांगावा लागला नसेल.

या दोन विजयांच्या मधल्या उन्हाळ्यात स्टॉकहोमचे ऑलिंपिक झाले. पंचशर्यतीतील पाचांपैकी चार प्रकारांत थॉर्प पहिला आला. केवळ भालाफेकीत तो मागे पडला. दशशर्यतीत त्याने ८,४१२ गुण मिळवले आणि दुसऱ्या क्रमांकावरील स्वीडनच्या ह्यूगो वीसलँडरला सुमारे सातशे गुणांनी मागे टाकले. धावणे, उड्या, फेकी, बांबूउडी, अडथळ्यांची शर्यत अशा नऊ प्रकारांनंतर तो १५०० मीटर ४ मिनिटे ४०.१ सेकंदांत धावला. ऐन वेळी त्याचे बूट नाहीसे झाले आणि त्याने दोन वेगवेगळ्या मापांचे जोडे पायात चढवले, अशी आख्यायिका आहे. भिन्न बूट-मोजे घातलेले त्याचे छायाचित्र तर प्रसिद्धच आहे. स्वीडनच्या राजाने आणि रशियाच्या झारने ठेवलेली मानचिन्हेही त्यालाच मिळाली. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर मिरवणूक निघाली.

जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर शहराच्या एका वर्तमानपत्राने रॉकी माउंटच्या बेसबॉलची बातमी छापली. अमेरिकेतील हौशी खेळांची संघटना जेम्स सलिव्हन यांच्या हाती होती. त्यांना थॉर्पने पत्र लिहून सारे कबूल केले. आपण एक शाळकरी इंडियन मुलगा होतो, या नियमांची जाण आपल्याला नव्हती, आणि इतर अनेकांनी केले तेच आपण केले, फक्त त्यांनी आपली नावे लपवली होती, असा त्याचा आशय होता. पत्राचा मसुदा वॉर्नर यांनीच घडवला, असे अनेक चरित्रकार मानतात. दोन उन्हाळे आपला सर्वोत्तम खेळाडू कोठे होता हे वॉर्नर यांना ठाऊकच नव्हते, हे मानणे जड जाते. प्रशिक्षकाची नोकरी टिकली, शाळेची अब्रू टिकली आणि संघटनेचीही. पदके तेवढी परत गेली. ऑलिंपिकच्या नियमावलीत तर हरकत घेण्याची मुदत स्पर्धा संपल्यापासून तीस दिवसांची होती. बातमी आली सुमारे सहा महिन्यांनी. नियम मोडल्याबद्दल थॉर्पला शिक्षा करणाऱ्यांनी स्वतः कोणता नियम मोडला, हे तपासायला सत्तर वर्षे जायची होती.

हौशीपणाच्या या सोवळ्यामागे वर्गभेद होता. ज्याच्या घरी शेते आणि शेअर्स आहेत त्याला खेळाचे पैसे नको असतात. ज्याची शनिवारची मजुरी बुडते त्याला हवे असतात. उत्तर इंग्लंडमधील खाणकामगारांचे आणि गिरणीकामगारांचे रग्बी क्लब १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि मूळ संघटनेतून बाहेर पडले, ते याच बुडालेल्या मजुरीच्या प्रश्नावर. रग्बी लीग हा खेळ त्या फुटीतून जन्माला आला. आपल्याकडे बाळू पालवणकर पुण्याला गोऱ्यांच्या क्लबात चार रुपये महिन्यावर खेळपट्टीची निगा राखत आणि साहेबांना गोलंदाजी करत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी संघाचे कर्णधारपद राजघराण्याकडे राहिले. अमेरिकी फुटबॉलमध्येही पैसा कधीचाच शिरला होता. १८९२ मध्ये पिट्सबर्गच्या एका क्लबने येल विद्यापीठाचा नामांकित खेळाडू हेफेलफिंगर याला एका सामन्याचे पाचशे डॉलर दिले. हा व्यवहार क्लबच्या खातेवहीत राहिला आणि बाहेर तो हौशीच म्हणवला गेला.

पदके गेल्यावर थॉर्पपुढे लपवण्यासारखे काहीच उरले नाही, आणि तो उघड व्यावसायिक झाला. न्यूयॉर्क जायंट्सने त्याला बेसबॉलसाठी करारबद्ध केले. कार्लाइलचीच विद्यार्थिनी आयव्हा मिलर हिच्याशी लग्न करून तो संघाबरोबर जगाच्या दौऱ्यावर गेला; जपान, ऑस्ट्रेलिया, सिलोन, इजिप्त असा तो प्रवास होता. सहा हंगामांत तो मोठ्या लीगमध्ये २८९ सामने खेळला. बरा फलंदाज होता, थोर नव्हे.

त्याचे खरे क्षेत्र ओहायोत होते. कॅंटन आणि मॅसिलॉन या पोलाद कारखान्यांच्या शेजारगावांत फुटबॉलवरून हाडवैर होते. १९१५ मध्ये कॅंटन बुलडॉग्सचे व्यवस्थापक जॅक कुसॅक यांनी थॉर्पला सामन्यामागे अडीचशे डॉलर देऊ केले. क्लब दिवाळखोरीत जाईल, असा इशारा त्यांच्या सल्लागाराने दिला. त्याआधी कॅंटनच्या सामन्यांना सरासरी बाराशे माणसे येत; थॉर्प मॅसिलॉनविरुद्ध उतरला तेव्हा सुमारे आठ हजार आली. त्याने फील्ड गोलांवर सामना जिंकून दिला. पुढे १९१६, १९१७ आणि १९१९ या वर्षी अजिंक्यपद कॅंटनकडे गेले. चेंडू घेऊन धावणे, पाडणे, लाथ मारणे ही सारी कामे तो एकाच सामन्यात करी. कातडी शिरस्त्राणाच्या त्या काळात हा खेळ आजच्यापेक्षा इंग्रजी रग्बीच्या अधिक जवळ होता.

१७ सप्टेंबर १९२० रोजी राल्फ हे यांच्या कॅंटनमधील मोटारींच्या दुकानात दहा संघांचे प्रतिनिधी जमले. खुर्च्या अपुऱ्या होत्या म्हणून काही जण मोटारींच्या पायऱ्यांवर बसले. तेथे जी संघटना उभी राहिली तिचेच नाव दोन वर्षांनी नॅशनल फुटबॉल लीग झाले. पहिला अध्यक्ष म्हणून निवड झाली थॉर्पची. कारभार पाहणे हा त्याचा पिंड नव्हता, आणि निवडणाऱ्यांनाही त्याची अपेक्षा नव्हती. वर्तमानपत्रांत बातमी यावी यासाठी एक वजनदार नाव हवे होते. वर्षभरात ते पद जो कार यांच्याकडे गेले. आज अब्जावधी डॉलरांची उलाढाल करणाऱ्या त्या लीगच्या पहिल्या कागदांवर, नावासाठी पदके गमावलेल्या माणसाचे नाव आहे.

त्याच नावाचा पुढचा गिऱ्हाईक कुत्र्यांचा व्यापारी निघाला. ओहायोतील लारू या चिमुकल्या गावात वॉल्टर लिंगो एअरडेल जातीच्या कुत्र्यांची पैदास करत. त्यांच्या जाहिरातीसाठी त्यांनी १९२२ मध्ये लीगमधील एक संघच घेतला. संघाचे प्रवेशशुल्क शंभर डॉलर होते, आणि लिंगो यांचा एकेक कुत्रा त्याहून महाग विकला जाई. ‘ऊरँग इंडियन्स’ या संघातील सारे खेळाडू मूळनिवासी होते. थॉर्प खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही. मध्यंतरात खेळाडूंनी विश्रांती घ्यायची नाही, तर पिसांचे टोप घालून नाचायचे आणि कुत्र्यांसह शिकारीची प्रात्यक्षिके करायची. कार्लाइलने ज्या खुणा पुसायला घेतल्या होत्या त्याच येथे तिकीट लावून दाखवल्या जात होत्या. दोन हंगामांत चार विजय मिळाले आणि संघ बंद पडला. देशातील सर्व मूळनिवाशांना नागरिकत्व देणारा कायदा १९२४ मध्ये आला.

थॉर्प आणखी काही वर्षे रॉक आयलंड, न्यूयॉर्क अशा संघांकडून खेळत राहिला. १९२८ मध्ये शिकागोत तो अखेरचा मैदानात उतरला तेव्हा चाळिशी उलटली होती. पुढे महामंदी आली. तीन विवाह, आठ अपत्ये, त्यांतला थोरला मुलगा बालपणीच गेलेला, आणि मद्याचे व्यसन. त्याने खड्डे खणले, पहारेकऱ्याची नोकरी केली, काउबॉयपटांत किरकोळ भूमिका केल्या. इंडियनांच्या भूमिका रंगवलेल्या गोऱ्यांना न देता इंडियनांनाच द्याव्यात, यासाठी तो हॉलिवूडमध्ये भांडला. या लढ्याचा उल्लेख त्याच्या चरित्रांत फार थोडा येतो. खरे तर तो सविस्तर यायला हवा. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचे तिकीट त्याला परवडले नाही. मूळनिवासी रक्ताचे उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स कर्टिस यांनी त्याला आपल्या शेजारी बसवले आणि सारे मैदान उठून उभे राहिले.

१९५० मध्ये असोसिएटेड प्रेसच्या क्रीडापत्रकारांनी त्याला अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवले. पुढच्याच वर्षी त्याच्या जीवनावर बर्ट लँकेस्टरचा चित्रपट आला. त्या कथेचे हक्क त्याने १९३१ मध्ये पंधराशे डॉलरना विकून टाकले होते. चित्रपटाच्या त्याच वर्षी ओठाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, तीही धर्मादाय रुग्ण म्हणून. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियात हृदयविकाराने त्याचे निधन झाले.

ओक्लाहोमात जमातीच्या रिवाजाने अंत्यविधी चालू असतानाच तिसऱ्या पत्नीने शव तेथून हलवले. ओक्लाहोमा राज्य स्मारकासाठी पैसा देईना. पेनसिल्व्हेनियातील मॉक चंक आणि ईस्ट मॉक चंक ही कोळशाचा धंदा बसल्याने खंगलेली दोन गावे मात्र तयार झाली. १९५४ मध्ये ती एकत्र आली, त्यांनी थॉर्पचे नाव धारण केले आणि थडगे बांधले. पर्यटक येतील ही त्यांची आशा होती. मुलांनी पुढे न्यायालयात दाद मागितली. २०१३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने तो फिरवला आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. शव पेनसिल्व्हेनियातच राहिले.

पदकांचा प्रश्न मात्र हलला, तोही उशिरा. स्टॉकहोमला थॉर्पबरोबर त्याच दोन शर्यतींत उतरलेला आणि त्याच्या बराच मागे राहिलेला एव्हरी ब्रंडेज पुढे वीस वर्षे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष होता; त्याने हा विषय कधी पुढे सरकू दिला नाही. तीस दिवसांच्या मुदतीचा नियम ग्रंथालयातून शोधून काढला तो चरित्रकार रॉबर्ट व्हीलर आणि त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स रिडलन यांनी. १९८२ मध्ये समितीने थॉर्पला विजेता मानले, पण सहविजेता म्हणून, आणि १९८३ मध्ये पदकांच्या प्रतिकृती मुलांच्या हाती दिल्या. जुलै २०२२ मध्ये, दशशर्यतीला ११० वर्षे होत असताना, समितीने निर्णय सुधारला. वीसलँडरने ते सुवर्णपदक मनाने कधीच स्वीकारले नव्हते, असे त्याच्या कुटुंबीयांनी सांगितले. स्वीडनने आणि नॉर्वेनेही हरकत घेतली नाही. दशशर्यतीत वीसलँडर आणि पंचशर्यतीत नॉर्वेचा फर्डिनांड बी यांची नोंद आता रौप्यपदक विजेते अशी आहे, आणि दोन्ही निकालांत पहिल्या क्रमांकावर एकट्या जिम थॉर्पचे नाव आहे.